शुभेच्छापत्रावरील रिकामी जागा

नाताळ जवळ आला की आपल्याकडे शुभेच्छांना बहर येतो. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटतो न उलटतो तोच मोबाइलचा पडदा घंटा, मेणबत्त्या आणि लाल टोप्या यांनी भरून जातो. चौकाचौकांत रंगीत फलक उभे राहतात. दुकानांतून ध्वनिमुद्रित गाणी ऐकू येऊ लागतात. कथा, कविता, नाटक यांचे परीक्षण करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु शुभेच्छा या लेखनप्रकाराकडे परीक्षकाच्या नजरेने पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. वास्तविक आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांत वर्षाकाठी दुसऱ्यास उद्देशून काही लिहिण्याचा वा लिहिलेले धाडण्याचा प्रसंग येतो तो एवढाच. जे सर्वांच्या हातून घडते आणि सर्वांच्या वाचनात येते, त्याची बरीवाईट पारख करणे हे समीक्षेचे काम नव्हे काय? प्रस्तुत लेखात ते करण्याचा आमचा अल्पसा यत्न आहे.

हा विचार आम्हास सुचला तो एका चुकीमुळे. आणि ती चूक आमचीच असल्याने ती आधी सांगून टाकणे इष्ट. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या सायंकाळी आम्ही एक चित्र निवडले. पोट धरून हसणारा सांताक्लॉज, मागे बर्फाने झाकलेली झाडे आणि वर इंग्रजीत आनंदोत्सवाची दोन वाक्ये, असे ते चित्र होते. ते आम्हालाही कोणीतरी धाडलेलेच होते. आम्ही ते आमच्या यादीतील सव्वाशे नावांना धाडून दिले आणि मिस्सेला जाण्यासाठी कपडे बदलावयास उठलो. त्या यादीत आमच्याबरोबर शाळेत शिकवलेल्या एका जुन्या सहकाऱ्यांचेही नाव होते. त्यांच्या पत्नी त्याच नोव्हेंबरात निवर्तल्या होत्या. आम्ही अंत्यविधीस गेलो होतो, दफनभूमीत शवपेटीवर मूठभर माती टाकली होती, सरांचा हात हातात घेऊन काही वेळ उभेही राहिलो होतो. रात्री उशिरा त्यांचे उत्तर आले : ‘आभारी आहे. यंदा घराला तारा लावलेला नाही.’

त्या उत्तरात राग नव्हता. टोमणाही नसावा, कारण तो त्यांचा स्वभाव नव्हे. त्यांनी फक्त आपल्या घरची वार्ता कळवली होती. परंतु ती वार्ता आम्हाला आधीच ठाऊक होती, आणि ठाऊक असूनही आमच्या शुभेच्छेला ती ठाऊक नव्हती, ही गोष्ट आम्हाला मिस्सेतही स्वस्थ बसू देईना.

अशा वेळी मनाची समजूत घालण्याचा एक सोपा मार्ग आपल्याकडे रूढ आहे. ‘पूर्वीचा नाताळ राहिला नाही, आता सारा बाजार झाला, मोबाइलने माणुसकी बुडवली,’ असे म्हणावे आणि मोकळे व्हावे. असे लेख आपल्या नियतकालिकांतून दर डिसेंबरात येतात, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्यांतील एकदोन आम्हीच लिहिलेले आहेत. परंतु हा निवाडा इतिहासाला धरून नाही. तयार शब्द धाडण्याची सोय मोबाइलने प्रथम आणली, असे मुळीच नाही.

छापील नाताळपत्राचा जन्म लंडनमध्ये १८४३ साली झाला. सर हेन्री कोल हे एक उद्योगी गृहस्थ होते. पुढे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यापूर्वी, १८४० साली, ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली होती आणि तिच्या प्रसारातही कोल यांनी काम केले होते. टपाल स्वस्त झाले तशी पत्रे वाढली; आलेल्या प्रत्येक पत्राला स्वहस्ते उत्तर लिहिण्यास कोल यांना सवड उरेना. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापविल्या आणि उरलेल्या एक शिलिंगास एक याप्रमाणे विकावयास काढल्या. चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही प्रसिद्ध कथा त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रकाशित झाली. तेव्हा नाताळच्या शुभेच्छेत वेळ वाचविण्याची युक्ती आणि व्यापार या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून आहेत. त्या पत्रावर टीकाही पहिल्याच वर्षी झाली. कारण चित्रातील कुटुंब मद्याचे पेले उंचावून बसले होते आणि एका लहान मुलाच्या ओठांनाही पेला लावलेला होता. मद्यपानविरोधी मंडळींना ते रुचले नाही.

परंतु त्या पत्रातील दोन गोष्टींकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेले नसावे. एक, कुटुंबाच्या चित्राच्या दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसे काढलेली होती. मेजवानीच्या चित्राला दानाची चौकट होती. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. पत्रावर वरच्या बाजूस ‘यांस’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापून पुढे जागा रिकामी सोडलेली होती, आणि खाली पाठविणाऱ्याच्या नावासाठीही तशीच रिकामी जागा होती. शब्द तयार होते, चित्र तयार होते. नाव मात्र छापता येत नव्हते. ते हाताने लिहावे लागे, आणि ते लिहिण्यापुरते तरी त्या माणसाला आठवावे लागे.

आपल्याकडील तारेचेच पाहा ना. तारखात्याने सणासुदीच्या शुभेच्छांची ठराविक वाक्ये करून त्यांना क्रमांक दिले होते. दिवाळी, ईद, विवाह यांप्रमाणे नाताळचेही वाक्य त्यांत होते. फॉर्मवर केवळ क्रमांक लिहिला तरी पलीकडे पूर्ण वाक्य उमटत असे. याहून तयार शुभेच्छा ती कोणती? परंतु क्रमांकाच्या अलीकडे माणसाचे नाव, घर आणि गाव लिहिल्याशिवाय तार निघतच नसे, आणि ती घेऊन कोणीतरी सायकलवरून त्या दारापर्यंत येत असे. ती तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली.

आता मोबाइलकडे वळू. जगातील पहिला मोबाइल लघुसंदेश हा नाताळची शुभेच्छा होता, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पापवर्थ या तरुण अभियंत्याने व्होडाफोन कंपनीतील रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या अभिवादनाचे दोन शब्द धाडले. तेव्हाच्या मोबाइलवर संदेश लिहिण्याची सोय नव्हती. पापवर्थ यांनी तो संगणकावरून धाडला होता. म्हणजे शुभेच्छा गेली, पोहोचली, पण जिच्यावर ती पोहोचली त्या यंत्रातून तिला उत्तर देण्याचा मार्ग नव्हता. पुढे यंत्र सुधारले आणि उत्तराची सोय झाली. परंतु कोल यांच्या पत्रावरील ती रिकामी जागा मात्र नव्या यंत्रात नाहीशी झाली. आता एक चित्र सव्वाशे जणांना एकदम जाते. त्यासाठी एकाचेही नाव लिहावे लागत नाही. आमची चूक घडली ती नेमकी येथे. आम्हाला सरांचे नाव लिहावे लागले असते, तर ‘प्रिय सर’ या दोन शब्दांनंतर आमचा हात थांबला असता.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की नाताळच्या शुभेच्छांतील खरा बदल शब्दांचा वा साधनांचा नसून संबोधनाचा आहे. आजची बहुसंख्य शुभेच्छापत्रे ही कोणाशीही न केलेली भाषणे आहेत.

आमच्या लहानपणी वसईतील आमच्या आळीत शुभेच्छा ‘धाडली’ जात नसे. ती ताटातून नेली जाई. नेवऱ्या, कलकल, घरी भाजलेल्या केकचे दोन तुकडे, वर क्रोशाने विणलेला रुमाल, असे ते ताट असे. गोव्यात या ताटाला ‘कोंसुआद’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज आहे आणि पोर्तुगालात तो मुख्यतः नाताळच्या पूर्वरात्री कुटुंबाने एकत्र घेतलेल्या जेवणासाठी वापरतात. आपल्या किनाऱ्यावर आल्यावर घरातल्या घरात घ्यावयाच्या भोजनाचे नाव शेजाऱ्याच्या दारी जाणाऱ्या ताटाला मिळाले, हा शब्दाचा प्रवास आम्हाला फार बोलका वाटतो. आमच्या आळीतले ताट ख्रिस्ती घरांपुरते थांबत नसे. दिवाळीत ज्या घरांतून फराळ आलेला असे त्या घरांत ते जाई, आणि त्या घरांत कोण मांसाहारी, कोणाला केकमधील अंडे चालत नाही, हे ताट भरणाऱ्या बाईला ठाऊक असे.

आमची आजी ही ताटे स्वतः भरी. तिचे दंडक ठरलेले होते. पहिला असा, की आलेले ताट रिकामे परत करावयाचे नाही; निदान चार केळी तरी त्यात ठेवावयाची. दुसरा दंडक ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असे त्या घराविषयी होता. अशा घरी गोडधोड होत नसे, ताराही लागत नसे. त्या घरचे ताट आम्हा मुलांच्या हाती ती कधी देत नसे. अंधार पडल्यावर स्वतः घेऊन जाई, आणि गेली म्हणजे तासभर तरी परत येत नसे. त्या घरातून ताट रिकामे परत आले तर त्याविषयी कोणी अवाक्षरही काढावयाचे नाही, अशी तिची आम्हास सक्त ताकीद असे. पहिल्या दंडकाला असलेला हा एकच अपवाद होता. आजीला लिहितावाचता येत नव्हते. परंतु एकच शुभेच्छा सर्व घरांना सारखी लागू पडत नाही, हे तिला पक्के कळत होते.

या ठिकाणी वाचकांना वाटेल, की आम्हीही अखेर ‘पूर्वी सारे चांगले होते’ याच सुरावर आलो. तसे नाही. त्या ताटांचा पूर्ण हिशेब मांडावयाचा तर त्यातील उणेही लिहिले पाहिजे. मोठ्या घरी जाणाऱ्या ताटात केक अधिक असे, आणि लहान घरी जाणाऱ्या ताटात कलकल. वाडीत पानवेलींच्या कामाला येणाऱ्या आदिवासी बायांना नाताळचा वाटा मिळे तो मागील दारी, केळीच्या पानावर. तुटलेल्या नेवऱ्या त्यात प्रामुख्याने असत. क्रोशाचा रुमाल त्यावर आम्ही कधी पाहिला नाही. ज्या बाळाला जागा न मिळाल्याने गव्हाणीत निजवावे लागले, त्याच्याच जन्मदिवशी आम्ही काही माणसांना मागचे दार दाखवीत होतो. आजीच्या शुभेच्छेला माणसांची नावे ठाऊक होती, पण त्या नावांची उतरंडही ठाऊक होती. आज यंत्र सव्वाशे जणांना एकच चित्र धाडते, त्यात निदान कोणाला तुटका तुकडा जात नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर त्यात तथ्य आहे. आमचे उत्तर एवढेच, की समता म्हणजे सर्वांना सारखेच विसरणे नव्हे. मागच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला नाव घेऊन पुढच्या दाराने बोलावणे, हा त्या उण्याचा खरा उतारा होता.

शुभेच्छेची पारख कशी करावी याचा एक नमुना शुभवर्तमानातच आहे. संत लूकच्या पहिल्या अध्यायात पवित्र मरिया घाईघाईने डोंगराळ प्रदेशात जाते, जखऱ्याच्या घरात प्रवेश करते आणि अलिशिबेला अभिवादन करते. तिचे अभिवादन कानी पडताच अलिशिबेच्या उदरातील बालक उडी मारते. अलिशिबेचे बोलणे लूक सविस्तर देतो. त्यानंतरचे मरियेचे स्तोत्रही देतो. परंतु जे अभिवादन ऐकून हे सारे घडले, त्याचे शब्द मात्र तो देत नाही. मरिया नेमके काय म्हणाली, हे आपणास ठाऊक नाही. ती निघाली, उंबरा ओलांडून आत आली, आणि जिच्यासाठी आली तिच्याशी बोलली, एवढेच शुभवर्तमानकाराने नोंदविले आहे. नाताळच्या आधीची ही भेट आणि तिचे हे न लिहिलेले शब्द आम्हाला शुभेच्छांच्या सर्व छापील संग्रहांपेक्षा मोलाचे वाटतात.

आणि मेंढपाळांना मिळालेला निरोप? देवदूत आनंदाची वार्ता सांगतो हे खरे. परंतु प्रारंभ करतो तो त्यांची भीती घालवून. समोरचा माणूस या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे पाहून त्याने तोंड उघडले आहे. रात्रीच्या अंधारात घाबरलेल्या माणसांना प्रथम धीर दिला पाहिजे, आनंदाचे नंतर सांगितले तरी चालेल, हे त्याला उमगले होते. आमच्या हसणाऱ्या सांताक्लॉजला ते उमगले नाही.

संबोधन हरवले की त्याच्या पाठोपाठ भाषा आणि चित्रही परके होते. सांताक्लॉजविषयी आमची तक्रार नाही. चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप संत निकोलस हे त्याचे मूळ. अमेरिकेत १८२३ साली निनावी छापल्या गेलेल्या एका कवितेने त्याला रेनडिअरची गाडी दिली. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला रूप दिले. आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन सुंडब्लॉम यांनी काढलेल्या चित्रांनी तो घराघरांत पोहोचला. मुलांना तो आवडतो, आवडो. प्रश्न असा आहे, की डिसेंबरात वालाला शेंगा धरतात अशा प्रदेशातील माणूस जेव्हा त्याच प्रदेशातील माणसाला बर्फाचे चित्र धाडतो, तेव्हा ते दोघे कोठे उभे राहून बोलत असतात? बर्फ तर शुभवर्तमानातही नाही. तेथे गव्हाणी आहे, बाळंते आहे, रानात मुक्काम करून राहिलेले मेंढपाळ आहेत. आणि यांतील एकही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या परंपरेत हे ओळखणारे होऊन गेले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय. १५७९ साली ते गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी, जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास आम्हास काही द्या, अशी मागणी केली, तिच्यातून हा ग्रंथ सिद्ध झाला. म्हणजे ते कोणाशी बोलत आहेत हे स्टीफन्स यांना स्पष्ट ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ओवी निवडली, मराठीची थोरवी फुलांच्या आणि रत्नांच्या उपमांनी गायिली आणि बेथलेहेमची कथा येथल्या श्रोत्यांच्या कानाला रुचेल अशी सांगितली. चित्रकलेत हेच कार्य आंजेलो दा फोन्सेका यांनी केले. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले आणि मरियेला साडी नेसविली. स्वतःच्या गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. त्यांचे पुढील आयुष्य मुख्यतः पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयाने गेले, आणि १९६७ साली नाताळच्या सप्ताहातच ते निवर्तले. साडीतील मरियेला परकी म्हणणारे आपण, बर्फातील म्हाताऱ्याला मात्र घरचा समजून बसलो, यातील विसंगती आपल्या कलाविचारात अद्याप पुरेशी मांडली गेलेली नाही.

मराठीतून दिली जाणारी शुभेच्छाही आज निर्दोष आहे असे नव्हे. ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य घ्या. ‘हार्दिक’ म्हणजे हृदयापासूनची. हा शब्द आता चौकातील प्रत्येक फलकावर वाढदिवस, निवड, उद्घाटन आणि नाताळ या सर्वांना सारखाच चिकटविला जातो. एका फलकावर तर आम्ही तो लागोपाठ दोनदा छापलेला पाहिला; एकदा छापून हृदय पुरेसे दिसले नसावे. त्या फलकावर शुभेच्छा देणाऱ्या अठरा जणांची छायाचित्रे होती आणि कोपऱ्यात, क्रमांक लावला तर एकोणिसावा येईल असा, गव्हाणीतील बाळ येशू होता. कोल यांच्या पत्रात ‘कडून’ आणि ‘यांस’ या दोन्हींसाठी जागा होती. फलकात ‘कडून’ तेवढे उरले आहे.

आमचा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो उपासनेच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. आजची शुभेच्छा फक्त हसते. ख्रिस्तसभेचे पंचांग मात्र असे नाही. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, ख्रिस्तसभा पहिले रक्तसाक्षी संत स्तेफन यांचे स्मरण करते, आणि २८ तारखेला हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांचे. गव्हाणीतील गवत अजून वाळलेले नसते तोच वेदीवर रक्तसाक्षींचा लाल रंग येतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला आहे, ज्या आईची कूस रिकामी झाली आहे, ज्याचा मुलगा परदेशातून आलेला नाही, त्या सर्वांना नाताळात जागा आहे, हे हे पंचांग सांगते. आपल्या शुभेच्छांत मात्र त्यांना जागा नाही. आणि त्यामुळे दुःखी माणसाला वाटते, की यंदाचा नाताळ आपल्यासाठी नाही. आमच्या सहकाऱ्यांनी तारा लावला नाही याचा अर्थ त्यांच्या घरी नाताळ नव्हता, असा नव्हता. त्यांचा नाताळ २८ डिसेंबरच्या बाजूचा होता.

काळाचाही गोंधळ आहेच. आगमनकाळाचे चार रविवार वाट पाहण्यासाठी आहेत. आपण त्या काळात शुभेच्छा उरकून घेतो. नाताळकाळ पुढे प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, मध्ये प्रभुप्रकटीकरणाचा सण येतो. त्या साऱ्या दिवसांत आपण गप्प असतो. २६ तारखेची शुभेच्छा आज शिळी वाटते. शुभवर्तमानातील ज्ञानी लोक तर फार लांबून आणि मागाहून आले. तरी त्यांना उशीर झाला असे कोणी म्हटलेले नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मुले आखातात, कॅनडात, इस्रायलमध्ये कामाला. वृद्धांना जिना उतरवत नाही. पूर्वीची आळी इमारतीत गेली आणि इमारतीत शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवरून कळते. अशा दिवसांत ताट घेऊन कोणी कोठे जावे? हे आम्हाला मान्य आहे. मोबाइलच्या पडद्यावर नातवाचा चेहरा पाहून ज्या आजीचा नाताळ गोड होतो, तिच्यापुढे साधनांची निंदा करणे शुद्ध अविचार होय. म्हणून आम्ही साधनावर निवाडा देत नाही. आम्ही फक्त एक कसोटी सुचवितो. धाडावयाची शुभेच्छा, एकही शब्द न बदलता, दुसऱ्या कोणालाही धाडता येईल का? येत असेल, तर ती अजून पूर्ण लिहून झालेली नाही. मग ती मोबाइलवर असो, छापील पत्रावर असो की व्यासपीठावरून दिलेली असो. आणि जिच्यात नाव आहे, त्या माणसाच्या घरची एखादी गोष्ट आहे, ती दोन ओळींची असली, तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका असल्या, तरी वाङ्मय म्हणून आम्ही तिला वरचे स्थान देऊ.

त्या नाताळात, २७ डिसेंबरच्या सायंकाळी, आम्ही सरांच्या घरी गेलो. हातात काही नेले नव्हते. काय न्यावे हे सुचले नाही. त्यांनी आमच्या संदेशाचा विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. चहा झाला. मग ते म्हणाले, ‘तारा तीच बनवत असे. बांबूच्या कामट्या अजून माळ्यावर आहेत. पतंगाचा कागद ती कोठून आणत असे, हे मात्र विचारायचे राहून गेले.’ आम्हाला ते दुकान ठाऊक होते. आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवले. परतताना नऊ वाजून गेले होते.

तेव्हापासून आम्ही सव्वाशे नावांची यादी ठेवलेली नाही. नाताळ ते प्रभुप्रकटीकरण या दिवसांत रोज एका घराशी बोलावयाचे. जाता आले तर जाऊन, नाही तर फोनवर, तेही जमले नाही तर पत्र लिहून, असा नेम केला आहे. पहिल्या वर्षी तो तीन दिवस चुकला. यंदाही एखादा दिवस चुकेल. वाचकांपैकी ज्यांना पटेल त्यांनी तो करून पाहावा, आणि यादी करताना ज्या घरी यंदा तारा लागलेला नाही त्या घरापासून आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.